तारीख न उलटलेला व्हिसा

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या लाँचमध्ये शेजारच्या गृहस्थांनी आपलं तिकीट पुढून-मागून दोनदा वाचलं. मला हसू आलं. त्यांनी ते पाहिलं, पण रागावले नाहीत.

"आता सवयच लागली," म्हणाले.

ते म्हसळ्याचे, पन्नाशीचे. अमेरिकेत त्यांचं स्वतःचं किराणा दुकान होतं. आपल्याकडे दुकानात परवाना लावतात, तशी त्यांनी तिथे कुराणातल्या आयतीच्या तसबिरीखाली व्हिसाची झेरॉक्स फ्रेम करून लावली होती. रोज दुकान उघडलं की आधी त्या काचेवरची धूळ पुसायची, मग बाकीचं.

"व्हिसा पाच वर्षांचा. पण तो दारापर्यंत जायला. आत किती राहायचं ते विमानतळावरचा साहेब ठरवतो. त्याने दोनच वर्षं दिली होती, तशी तारीख एका कागदावर होती. तो कागद मी कधी उघडून बघितलाच न्हाय. वकिलाने बघितला, तवा चार महिने वर झाले होते."

दुकान तिथेच राहिलं, ते परत आले.

मग त्यांनी पिशवीतून पासपोर्ट काढून व्हिसाचं पान माझ्यापुढे धरलं. "वाचा. तारीख गेलीय का?"

गेली नव्हती. मी तसं सांगितलं.

"गावात म्हणतात, व्हिसा संपला तरी बसून राहिला, म्हणून हाकलला. मग सगळ्यांना हे दाखवतो."

पासपोर्ट मिटण्याआधी त्यांनी रुमाल काढला आणि ते पान हळूच पुसलं. त्यावर धूळ नव्हती.