रिकाम्या पोटाची वैरीण

आमच्या बायला रिकामं पोट सहन व्हायचं नाही. स्वतःचं नव्हे, दुसऱ्याचं. मीटर वाचायला आलेला माणूस असो की कुरिअरवाला, तळवलीतल्या आमच्या घराचा जिना तो काहीतरी चावत चावतच उतरायचा. ‘जेवलास का?’ हाच तिचा नमस्कार, आणि ‘हो’ या उत्तरावर तिचा काडीचाही विश्वास नसायचा.

बाय म्हणजे माझी सासू. मी खांदेश्वरच्या दोन खोल्यांत वाढलेली, ‘अहो आई’ची उजळणी करून आलेली. पहिल्याच दिवशी तिनं ती मोडीत काढली. “मना बाय बोल. आनि अगं बोल. अहोजाहो केलंस तर माजा घास उतरनार नाय.” असल्या सासूशी भांडता येत नाही, हीच मोठी अडचण. ती पुढे मला फार महागात पडणार होती.

पहिल्या खेपेला नवव्या आठवड्यात माझं बाळ गेलं. नंतरच्या तपासण्यांत थायरॉईड कमी पडत असल्याचं निघालं. कारण तेच, असं डॉक्टरबाई छातीठोकपणे सांगेनात, पण पुन्हा दिवस राहण्याआधी ते ताब्यात आणू म्हणाल्या आणि गोळी सुरू केली. गावातल्या बायका हळहळायला आल्या. कुणी नजर म्हणालं, कुणी पायगुण. बायनं सगळ्यांना चहा पाजला आणि कप गोळा करता करता म्हणाली, “पायगुन बियगुन माज्या घरात बोलायचा नाय. पोरगी आजारी हाय, बरी होईल.” तेव्हापासून ती सासू राहिली नाही, माझी झाली.

वर्षभरानं पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरबाईंनी लगेच रक्त तपासून गोळीचा डोस वाढवला. “पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉईड कामाला लागलेली नसते. तोवर ते सगळं तुमच्याकडूनच घेतं. गोळी सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर तासभर दुसरं काही नाही.” मी नीट ऐकलं आणि घरी येऊन अर्धंच सांगितलं. गोळी सहाला घ्यायची, एवढंच. कारण सहा वाजून पाच मिनिटांनी बाय खारीक घातलेलं दूध घेऊन समोर उभी असायची आणि ग्लास रिकामा होईस्तोवर हलायची नाही. ऑफिसात मी साहेबाला चार शब्द ऐकवते. पण त्या दुधाला ‘नको’ म्हणायची छाती मला झाली नाही. चांगले चार आठवडे मी ते मुकाट प्यायले.

मग रक्त तपासलं. टीएसएचचा आकडा खाली यायचा, तो वर गेलेला. म्हणजे डोस वाढवूनही अंगाला पुरत नव्हता.

“गोळी चुकते का?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“नाही.”

“गोळीवर लगेच काही घेता?”

“नाही,” मी म्हणाले. धडधडीत खोटं. बाय शेजारच्याच खुर्चीत बसली होती ना.

“खोटं कशाला बोलतेस?” बाय म्हणाली. “दूध देते ना मी तुला. रोज.”

डॉक्टरबाईंनी तिला शांतपणे समजावलं. दूध, चहा लगेच घेतला तर गोळी अंगी लागत नाही. कॅल्शियमची आणि लोहाची गोळीसुद्धा तिच्यापासून चार तास लांब हवी. घरात पाऊल टाकल्यावर, चप्पलही न काढता, तिनं विचारलं, “पयलं पन माज्या दुधानंच गेलं का?”

“नाही गं बाय. तेव्हा गोळीच नव्हती. आणि चूक माझी आहे, मी तुला सांगितलं नाही.”

आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. भिडेपायी मी पोटातलं पोर पणाला लावलं होतं, आणि दोष मात्र ही बाई स्वतःच्या अंगावर ओढून घेत होती.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. “सातच्या आधी या घरात गॅस पेटनार नाय.” जन्मभर पाचाच्या ठोक्याला चहा पिणारी बाई ती. मी म्हटलं, तू तरी घे. “तू उपाशी बसनार आनि मी चा पिनार? घशाखाली उतरंल काय?” पहिले आठ दिवस तिचं डोकं ठणकत होतं. कपाळाला घट्ट फडकं बांधून ती माझ्यासमोर बसायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे खुन्नस दिल्यासारखी बघायची. गोळ्यांची बाटली शेगडीवरच्या फळीवर होती, ती तिथे तापते म्हणून तिच्या लुगड्यांच्या कपाटात गेली. कॅल्शियम दुपारी, लोह रात्री. माझे सासरे, ज्यांना सगळे दादा म्हणतात, गुपचूप नाक्यावर जाऊन कटिंग मारून आले. बायला वास आला. सात वाजेपर्यंत दादा जिन्यात बसून राहिले.

शेजारच्या हिरूबाईनं एकदा सगळ्यांदेखत टोमणा मारला, “सगल्या गावाला खायला घालतेस आनि पोटुशी सून उपाशी?” आयुष्यभराच्या कमाईवरच घाव होता तो. बायचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. “हो, ठेवते उपाशी. सातला ये, तुला पन चा देते.”

पुढच्या रिपोर्टच्या दिवशी मी तिच्याकडे कागद सरकवला. तिला वाचता यायचं नाही. “वर का खाली?” तिनं विचारलं. “खाली. हवा तिथे,” मी म्हटलं. ती उठली आणि लॅबमधल्या रिपोर्ट देणाऱ्या मुलीला पिशवीतले दोन लाडू देऊन आली. ‘जेवलीस का?’ विचारायचं विसरली नाही. माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. घास टाळण्यात तिचा हात धरणारा सबंध गावात कुणी नाही, आणि बायनं तिच्यापुढेही हार मानली नाही.

बाय गेल्या वर्षी गेली. अचानक. बसल्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बायका बसलेल्या. रडून माझे डोळे सुजले होते, तरी सहाला हात आपोआप बाटलीकडे गेला; बाळंतपणानंतरही गोळी सुटली नव्हती. गोळी घेतली. तेवढ्यात हिरूबाई तिच्या घरून चहा करून आली. मायेनंच म्हणाली, “घे पोरी, कालपासून पोटात काय नाय तुज्या.” मी कप घेतला. पुन्हा तीच भीड. तोंडापाशी नेला, आणि कोपऱ्यातून दादांचा हात पुढे आला. त्यांनी कप माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या कपाशेजारी खाली ठेवला. त्यांचाही भरलेलाच होता.

“सात वाजू दे,” दादा म्हणाले.

मग आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो.