मेणातला तुकडा

डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि नानांना आत बोलावलं. नाना म्हणजे माझे वडील. मी बी.एस्सी.ला होते, म्हणून त्यांनी मलाही आत घेतलं. बाई दक्षिणेकडच्या होत्या, हिंदी तुटक बोलायच्या. त्या म्हणाल्या, "सर्व्हिक्स का कैन्सर है."

सर्व्हिक्स म्हणजे गर्भाशयाचं तोंड. बायॉप्सी, म्हणजे तिथला छोटासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी, आधीच झाली होती. "अभी शुरू में है. बंबई ले जाइए, रेडियम लगेगा, ठीक हो जाएगा. पेशंट को अभी मत बताना, घबरा जाएगी."

मग त्यांनी मला आईजवळ जायला सांगितलं. मी दाराबाहेर पडले, पण पडदा नीट सरकला नव्हता. आतला प्रश्न कानावर आलाच. "आप नौकरी में बाहर अकेले रहे हैं? कभी कोई गुप्त रोग?"

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नो, मॅडम."

त्या गप्प राहण्यातून माझी शंका जन्मली, आणि पुढे माझं कामही. ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आजारासोबत शंकाही घरात शिरते आणि आजार गेला तरी ती जात नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तो पावसाळा उज्जैनमध्ये सगळ्यांनाच अस्थिर होता. मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार होता. राजधानी भोपाळला जाणार, दफ्तरं जाणार, कोणाचा तबादला कुठे होणार, हीच चर्चा. नाना महसूल खात्यात होते. शिंदेशाहीपासून आमच्या घरात सरकारी चाकरी, त्यामुळे राज्य बदललं की घरात आधी बिस्तरे बांधायचे. लग्नानंतरची काही वर्षं नाना शाजापूरला एकटे राहिले होते. आई उज्जैनला सासरी. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा विचार मी त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता.

आईला सांगितलं गेलं, "गाठ आहे, बंबईला जावं लागेल." तिचा विश्वास बसला नाही. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. मी आणि नाना बोलत असलो की ती मुद्दाम खोलीत यायची आणि काहीतरी शोधल्यासारखं करायची.

आत्या, म्हणजे नानांची विधवा बहीण, आमच्याकडेच असायची. तिच्या शंका वेगळ्याच. आधी तिने भेरूगढच्या छापील साडीला दोष दिला. कच्चा रंग अंगाला लागला म्हणे. मग आईची पत्रिका घेऊन रामघाटावरच्या पंडितजींकडे गेली. शेवटी कुठून तरी "कॅन्सर" हा शब्द तिच्या कानी पडला आणि तिने आईचं ताट-वाटी वेगळं काढलं. "छूत असेल तर? घरात लहान मुलगा आहे," ती म्हणाली. माझा भाऊ विनू तेव्हा शाळेत होता.  आई वेगळ्या ताटात जेवली आणि ताट स्वतः घासून ठेवलं.

निघायच्या दिवशी ट्रंका दारात आल्या. आई पलंगावरून उठेना.

"मी येणार नाही. हे मला तिथे सोडतील आणि भोपाळला जातील. तिकडे दुसरं घर मांडतील. वन्संना सगळं माहीत आहे, मलाच कोणी सांगत नाही."

नाना भिंतीकडे बघत उभे होते. मी तिच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं. कॅन्सर आहे, गर्भाशयाच्या तोंडाला आहे, लवकर सापडला आहे.

"मरेन का?"

"डॉक्टरीणबाई म्हणतात रेडियमने बरा होतो."

"हे त्या म्हणाल्या की तू बनवतेस?"

"त्या म्हणाल्या. मी तिथेच होते."

 तिने उठून केस बांधले आणि ती म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर मी इतक्या रात्री जागून काढल्या नसत्या. मला वाटत होतं त्याहून हे बरं आहे." तिला काय वाटत होतं, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मुंबईच्या इस्पितळात वाट बघणं फार. बाकांवर देशभरच्या बायका, आणि शेजारी उभे त्यांचे नवरे. मी त्या नवऱ्यांची तोंडं न्याहाळत असे. यातल्या कुणाला तो प्रश्न विचारला गेला असेल, आणि कोण किती वेळ गप्प राहिला असेल?

रेडियम म्हणजे किरणं सोडणारा धातू. त्याच्या बारीक नळ्या आत ठेवतात, आणि त्या असेपर्यंत हलायचं नाही. नर्सबाई काम झालं की झटकन मागे सरायच्या. मला दाराच्या आत येऊ देत नसत. आईला वाटलं, छूतच आहे, आत्या खरं बोलत होती. मी दारातून ओरडून सांगितलं, "किरणांमुळे गं! त्यांना रोज हेच काम असतं, त्यांना बाधतं!" पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. आई हसली नाही.

ती बरी झाली. हे आधीच सांगून टाकते, कारण वाचणारी तेवढंच शोधत असते. अशक्तपणा राहिला, पोटाचा त्रास राहिला, पण आजार परत आला नाही. त्या डॉक्टरीणबाईंनी वेळेवर तुकडा काढला नसता तर हे लिहायला कारणच उरलं नसतं.

नाना आईच्या उपचारांसाठी रजेवर राहिले आणि भोपाळला उशिरा हजर झाले. त्यांच्या मागचे लोक पुढे गेले.  आई उज्जैनलाच राहिली. ते सुट्टीला आले की ती त्यांना वाढायची, कपडे बघायची, आणि मग विनूच्या खोलीत जाऊन झोपायची. हळदीकुंकवाची बोलावणी कमी झाली होती. कुणी तरी कुजबुजलं होतं की असले आजार असल्याच बायकांना होतात.

मी मुंबईला शिकायला गेले ती तिथल्याच एका प्रयोगशाळेत राहिले. गाठीतल्या पेशींचे क्रोमोसोम, म्हणजे आनुवंशिक गुणांचे धागे, बघणं हे माझं पहिलं काम. ते तुटलेले, वाढलेले दिसायचे, पण ते कशामुळे तुटले ते दिसायचं नाही. हा आजार ब्रह्मचर्य पाळणाऱ्या ख्रिस्ती नन्समध्ये जवळजवळ आढळत नाही हे जुनं निरीक्षण होतं. म्हणजे काहीतरी बाहेरून येत होतं. मग नागीण, म्हणजे हर्पीस, या रोगाच्या जातीतल्या एका विषाणूवर जगभर संशय आला. आम्हीही वर्षानुवर्षं त्याच्या मागे होतो. रक्ताचे नमुने, तक्ते, निबंध. संशयित चुकीचा होता.

मग परदेशातून बातमी आली की चामखिळीच्या घराण्यातला एक विषाणू, पॅपिलोमा, हा खरा. आमच्याकडच्या नमुन्यांतही तो सापडू लागला. पेशीच्या वाढीला लगाम घालणारी जी प्रथिनं असतात, त्यांनाच तो निकामी करतो. लगाम गेला की पेशी वाढतच राहतात. त्याची लागण खूप जणींना होते, बहुतेकींचं शरीर त्याला आपणच हुसकावून लावतं. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या जनुकांचाही हात असतो. लागण आणि आजार यांत कितीतरी वर्षं जातात. माझी उरलेली नोकरी यातच गेली.

नाना तोवर वारले होते. आईच्या बायॉप्सीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून मुंबईला पाठवला होता, आणि असे तुकडे इस्पितळं जपून ठेवतात. मी आईला विचारलं, "तुझा तुकडा असेल अजून तिथे. तपासू?"

"मेला इतकी वर्षं तिथेच आहे?" ती म्हणाली. मग म्हणाली, "तपास."

विषाणू होता. मी उज्जैनला गेले आणि स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून सांगितलं. ती मटार सोलत होती.

"म्हणजे छूतच."

"ताटा-वाटीची नाही. नवराबायकोच्या संबंधातून येतो."

तिचे हात थांबले. "म्हणजे ह्यांच्याकडून."

"बहुतेक. पण त्यांना कधी लागला, कुणाकडून, ते कोणतीच तपासणी सांगत नाही. लग्नाआधीचाही असू शकेल. पुरुषाला कळतही नाही, आई. त्यांना काहीच त्रास होत नाही."

"शाजापूर?"

"मला माहीत नाही." हे माझ्या आयुष्यभराच्या अभ्यासाचं उत्तर होतं.

तिने सोललेले मटार एका बाजूला केले. "बरं झालं, आता विचारायला ते नाहीत. मी विचारलं असतं आणि त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मला ते खरं वाटलं नसतं." मग पदराने डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "आपल्या मीनलची तपासणी झालीय का?"

मीनल म्हणजे विनूची बायको. ते उज्जैनमध्येच, नानाखेडा भागातल्या कॉलनीत राहायचे. संध्याकाळी आम्ही दोघी तिथे गेलो. मीनल म्हणाली, "मला तर काहीच त्रास नाही, आई." आई म्हणाली, "मलाही नव्हता, बरेच दिवस." मग ती तिथेच सोफ्यावर बसून राहिली, मीनल हो म्हणेपर्यंत.

तपासणी साधी असते. पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हलकेच खरवडून काचेवर बघणं. मीनलच्या पेशी बदलायला लागल्या होत्या. कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. तेवढा भाग डॉक्टरांनी गोठवून नष्ट केला आणि ती त्याच दिवशी घरी जायला मोकळी झाली. "छह महीने बाद फिर दिखाना. अभी टेन्शन की बात नहीं," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर मीनलने रिक्षा थांबवणाऱ्या विनूकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. तिने हळूच आईला विचारलं, "आई, हे मला कुणामुळे झालं असेल?"

आईने तिचा हात धरला. "ते शोधत बसू नकोस. मी शोधत बसले होते, सगळा संसार त्यात गेला. चल, रिक्षा थांबलीय."