कशेळ्याच्या मावशीकडे चार दिवस

साताऱ्याहून सुटलेली एसटी स्वारगेटला पोचेपर्यंत माझ्या फोनवर माधवीचे दोन मेसेज येऊन पडले होते. पहिल्यात ‘जपून जा’ आणि दुसऱ्यात ‘मावशीकडे असलीस तरी काहीतरी खर्च येतच असेल ना, किती पडेल एकूण?’ पहिल्याला मी उत्तर दिलं. दुसरा वाचून फोन पर्समध्ये टाकला.

माधवी आणि मी एकाच कार्यालयात पत्रव्यवहार बघतो. आमची टेबलं शेजारी आहेत, डबा आम्ही एकत्र खातो. तरी तिला मी खोटं सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी एका ग्रुपबरोबर केरळला गेले, तेव्हा डब्याच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं म्हणून खर्चाचा आकडा सांगून टाकला होता. त्यानंतर वर्षभर तो आकडा माझ्यामागे फिरत राहिला. कुणाच्या निरोपाची वर्गणी काढायची असो की पगारवाढीचा विषय असो, कुणीतरी म्हणायचंच, हिला काय, एकटा जीव, केरळला जाऊन येते. साहेबसुद्धा एकदा हसत हसत तेच म्हणाले. म्हणून यंदा सुट्टी टाकताना मी म्हटलं, कर्जतला मावशी असते, तिच्याकडे चाललेय, खर्च कसला त्यात? कर्जतला माझं कुणीही नाही. कशेळ्याजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी राहायची आणि जेवायची सोय होते, एवढं मला फोनवर कळलं होतं. आईला जाऊन तीन वर्षं झाली आहेत, आणि तिला सख्खी बहीण नव्हतीच.

खोपोलीला उतरले तेव्हा दुपार झाली होती. बोरघाटातून खाली येताना डोंगरावरून उतरणारे वीजघराचे जाडजूड पाइप दिसले, आणि त्यांच्याकडे बघत बसल्यामुळे की काय, स्टँडबाहेर मी चुकीच्या टमटममध्ये बसले. गाडी कर्जतकडे न जाता खालापूरकडे निघाली होती. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर शेजारच्या बाईनं कुठे जाणार विचारलं तेव्हा हे समजलं. मला खालापूरच्या नाक्यावर उतरवलं.

तिथे एका बेकरीसमोर बाकडं होतं. बेकरीवाले चाचा पांढऱ्या दाढीचे, अंगात स्वेटर. त्यांनी चहा मागवला, कर्जतची गाडी कुठे मिळेल ते सांगितलं आणि सहज विचारलं, कशेळ्याला कुणाकडे? मी म्हटलं, पैसे देऊन राहणार आहे.

“काय घेतात?”

“रोजचे बाराशे. दोन वेळचं जेवण धरून.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खारी बांधून देऊ लागले.

टमटममध्ये बसल्यावर मला नवल वाटलं. ज्या माणसाला पाच मिनिटांपूर्वी पाहिलंही नव्हतं त्याला मी आकडा सांगून मोकळी झाले होते. आठ वर्षं जिच्या डब्यातली भाजी खाते तिला मात्र मावशी सांगितली होती. असं का, याचा विचार मी कर्जत येईपर्यंत करत होते.

कर्जतहून जीप कडावमार्गे कशेळ्याला आली. भाताची कापणी झालेली, खाचरं रिकामी, आणि त्यांच्यात मागे राहिलेल्या ओलीवर पेरलेला वाल शेंगांवर आलेला. सगळीकडे हिरवा थर पसरल्यासारखा दिसत होता. नाक्यावर मनीषा स्कूटर घेऊन आली होती. मी राहणार त्या घरची सून, तिशीची, बोलायला चटपटीत. पाहुण्यांचे फोन, पैसे, सगळं तीच बघते. नवरा खोपोलीकडच्या कारखान्यात पाळीवर जातो. घरात सासू असते, हिराबाई.

हिराबाई ओटीवर (घराच्या पुढच्या मोकळ्या भागात) सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, सडसडीत, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढून नेसलेल्या. “या बाय, दमला असाल,” म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या पुढे करता करताच विचारपूस सुरू झाली. पगार किती हाय, घर सोताचं का भाड्याचं, लगीन का नाय केलं. सगळ्यांची मी उत्तरं दिली. पगार सांगितला. लग्न धाकट्या भावांच्या शिक्षणापायी राहून गेलं हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मला त्यात काहीच खुपलं नाही. पुन्हा तोच गोंधळ.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी होती. संध्याकाळ होता होता मनीषाने शेतात पोपटी लावली. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा (बांधावर उगवणारा उग्र वासाचा पाला) थर देऊन, वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी भरायची, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. मीठ आणि ओवा एवढाच मसाला. गरम शेंगा सोलताना माझी बोटं भाजली आणि हिराबाईंनी न विचारता माझ्यासाठी सोलायला घेतल्या.

दुसरा दिवस रविवार. सकाळी मी पेज नदीवर गेले होते. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी या नदीला येतं, म्हणून ती हिवाळ्यातही भरून वाहते. पाण्यात पाय सोडून बसले असताना माधवीचा फोन आला. नवऱ्याच्या चुलतभावाच्या साखरपुड्याला ती दोघं खोपोलीला आली होती. जेवणं आटोपली की तासाभराचाच रस्ता, तर म्हटलं तुझ्या मावशीला भेटून जावं, पत्ता पाठव, म्हणाली. नको म्हणायला कारण सुचेना. मी पत्ता पाठवला.

घरी आले तेव्हा हिराबाई चुलीपाशी होत्या. त्यांना सांगताना माझी मान खाली होती. ऑफिसात मी तुम्हाला मावशी करून टाकलंय, ती बाई दुपारी येतेय, तुम्ही फक्त काही बोलू नका, मी वेळ मारून नेते, असं काहीतरी म्हणाले. आता या रागावणार, निघा म्हणणार, असं वाटलं. मग त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

“तुझ्या आयचं नाव काय गं?”

“कुसुम.”

“बहिणीचं नाव तरी म्हायती पायजे ना मला.”

त्या क्षणापासून मी ‘तुमी’ची ‘तू’ झाले.

माधवी आणि तिचा नवरा तीनच्या सुमारास आले. हिराबाईंनी दोघांना पाटावर बसवलं, माधवीला हळदकुंकू लावलं, पोह्याचे पापड तळले. मी बाजूला उभी होते. माधवी इकडेतिकडे बघत होती, भिंतीवरचे फोटो, खोलीतला माझा मांडलेला पलंग. मग तिनं विचारलं, उज्ज्वलाची आई लहानपणी कशी होती हो?

हिराबाई म्हणाल्या, कुसुम लई हट्टी. एकदा जांभळासाठी झाडावर चढली, फांदी मोडून खाली आली, पायाचं हाड सरकलं. “मी तिला पाठीवर घेऊन कशेळ्याला आणली. वाटंत रडली नाय. उलट मलाच म्हणती, दमलीस का गं, खाली ठेव.” एवढं सांगून त्या उठून आत गेल्या. माझी आई कऱ्हाडजवळ वाढली, ती कधी झाडावर चढल्याचं ऐकिवात नाही. तरी माझे डोळे भरून आले.

शेजारच्या दोन बायका बोलणं ऐकून डोकावल्या. हिराबाई बाहेर येऊन त्यांनाही म्हणाल्या, माझी भाची हाय, साताऱ्याची. माधवी निघताना त्यांच्या पाया पडली. ती गेल्यावर मनीषा भांडी घासता घासता हळूच म्हणाली, ती जांभळाची गोष्ट आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, धाकट्या बहिणीची आहे. तिचं नाव कुसुम नव्हतं. ती बारा वर्षांची असताना तापानं गेली. आत्या तिचं नाव कधी घेत नाहीत.

उरलेले दोन दिवस मी भाचीच होते. सोमवारी हिराबाईंनी मला कशेळ्याच्या बाजारात नेलं आणि भेटेल त्याला ओळख करून दिली. वाल निवडताना माझ्या हातावर चापट मारून, अगं किडका घेतलास, म्हणाल्या. नाटक त्यांनी सोडून द्यावं असं मला वाटत होतं आणि सोडू नये असंही.

मंगळवारी सकाळी बॅग भरून मी पैसे पुढे केले. हिराबाईंनी हात मागे घेतला.

“भाचीकडनं पैसे घेत्यात का?”

मी म्हटलं, मावशी, ते त्या दिवसापुरतं होतं. मी पाहुणी म्हणून आले, मी ठरवूनच आले होते. त्या ऐकेनात. “साऱ्या गावाला सांगितलंय मी. आता पैसे घेऊन कुणाला तोंड दाखवू?” त्या चिडल्या नव्हत्या, चेष्टाही करत नव्हत्या. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच ओळखता येईना. एका वाक्याचं खोटं मी माझ्या सोयीसाठी बोलले होते आणि त्या घराची चार दिवसांची कमाई त्यात बुडत होती. त्यांनी माझ्या पिशवीत दोन किलो वाल आणि कोंडा न काढलेला तांदूळ घातला आणि ओटीवरून आत निघून गेल्या.

मनीषा मला कर्जतपर्यंत सोडायला आली. स्टेशनजवळ स्कूटर थांबवून तिनं आपला फोन पुढे केला. “ताई, तुम्ही मला पाठवा. आत्यांना कळणार नाही. त्यांचं खरं असलं तरी गॅस, किराणा मला भरावा लागतो.” तिचंही खरं होतं. मी लगेच पैसे पाठवले. पाठवल्यावर हलकं वाटायला हवं होतं, पण हिराबाईंना फसवल्यासारखं वाटत राहिलं. परत सगळा घाट चढेपर्यंत मी हाच हिशोब लावत होते की या चार दिवसांत मी कुणाकुणाशी खोटं बोलले, आणि त्यातलं कुठलं नसतं तर बरं झालं असतं. एकही निवडता आलं नाही.

बुधवारी डबा खाताना मी माधवीला सगळं सांगून टाकलं. ती भाजी वाढत होती, तशीच वाढत राहिली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “नाक्यावर त्यांची पाटी आहे. राहण्याची सोय, खाली फोन नंबर.”

“मग तिथेच विचारायचंस ना.”

“किती पडेल ते इथे विचारलं होतं. चार वेळा.”

मग तिनं जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. पावसाळ्यातल्या ऑपरेशननंतर तिला दोन दिवस एकटीनं कुठेतरी जाऊन झोपायचं होतं. नुसतं झोपायचं. पण घरी काहीही मागायचं तर आधी आकडा सांगावा लागतो, आणि एकट्या बाईला साधारण किती लागतात हे विचारण्यासारखं माझ्याशिवाय तिला कुणी नव्हतं. केरळचा आकडा ऑफिसभर कुणी केला, हेही मी त्या ओघात विचारलं. ती म्हणाली, मीच. कौतुकानं सांगितला होता. लोक त्याचं असं करतील हे डोक्यात आलं नाही.

मी तिला बाराशे सांगितले. गाडीभाडं, जीप, टमटम, सगळं सांगितलं. तिनं डबा बंद केला आणि नळावर गेली. परत आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, मी गेले तर त्या माझ्याकडून पैसे घेतील का?

प्रवासातून माणूस काहीतरी उलगडून घेऊन येतो असं वाचलं होतं. माझ्या बाबतीत उलटंच झालं. किती पडले, या दोन शब्दांत एखाद्याला हेवा भरता येतो, एखादीला साधी विनंती भरता येते, आणि समोरून नेमकं काय आलंय ते ऐकणाऱ्याला लगेच कळत नाही. बेकरीवाल्या चाचांचं मला कळलं, हिराबाईंचं कळलं, माधवीचं आठ वर्षांत कळलं नाही.

रविवारी हिराबाईंचा फोन आला. वैशाखात पुतण्याचं लग्न आहे, घरातल्या बायकांच्या साड्या आत्ताच घेऊन ठेवायच्यात, तुझी कुठल्या रंगाची घेऊ? मागे मनीषाचा आवाज येत होता. तिला पैसे पाठवल्याचं हिराबाईंना सांगायचं तर हीच वेळ, असं एकदा वाटलं.

मी हिरवी सांगितली. काठ कसला हवा, असं त्यांनी पुढे विचारलं.