प्राणहितेच्या मधातला हुकूम

फौजेत सिग्नलवर नोकरी केली, हवालदार होऊन घरी आलो. शाळा चौथीपर्यंत. पण वायरलेस सेटवर माझा आवाज कधी अडखळला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे सिरोंचाकडे प्राणहितेच्या काठावर टीव्हीच्या टॉवरला माजी सैनिकांची गार्ड लागली. आम्ही तिघं होतो. सुभेदार मेश्राम आरमोरीचे, मी ब्रह्मपुरीकडचा, आणि नायक राजन्ना तिथलाच, तेलुगू घरातला. मराठी त्याला बाजारापुरती यायची. आमचं बोलणं फौजी हिंदीत. त्या जंगलात दिवस दिवस चौथा माणूस दिसायचा नाही.

नदीपलीकडे तेलंगणा. तिकडच्या टॉवरचा आणि आमच्या टॉवरचा चॅनल नंबर एकच होता. त्यामुळे आमच्या मराठी बातम्यांवर त्यांचं तेलुगू गाणं चढायचं. राजन्ना खूश.

"हवालदारसाब, आपकी बाई भाग गई. हमारी आ गई."

"बंद कर वो डब्बा!"

मी टीव्हीकडे पाठ करून बसायचो. तो म्हणायचा तेलुगू शिकवतो. मी म्हणायचो, या कानाला या वयात दुसरी भाषा नको. तो हसायचा आणि आवाज आणखी वाढवायचा.

मग डिजिटल टीव्ही यायचं ठरलं. नागपूरहून इंजिनियर मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, डिजिटलमध्ये गाणं बातम्यांवर चढत नाही. दोन सिग्नल भांडले की पडदाच काळा होतो. म्हणून दोन्ही टॉवरला वेगळे नंबर द्यायचे, आणि त्याआधी हद्दीवर कोणाचा सिग्नल किती जोरात येतो ते मोजायचं. हद्द नदीच्या मधातून जाते. मधात रेतीचं बेट, बेटावर एक उंच खडक. पावसाळा सरला होता, पाणी कमी होतं. राजन्ना म्हणाला, मी जातो. काठावर मासे धरणाऱ्या ढीवरानं त्याला डोंग्यातून सोडलं आणि तो परत आला. मोजायची मशीन, बांबूला बांधलेला अँटेना आणि हातात वायरलेस सेट.

सकाळी काम सुरू झालं. राजन्ना आकडे सांगायचा, मॅडम लिहून घ्यायच्या. दुपारी पाण्याचा रंग बदलला. वरच्या अंगाला कुठेतरी मोठा पाऊस झाला असावा. बघता बघता रेती बुडाली. राजन्ना खडकावर चढला. खडक उंच होता, तिथे धोका नव्हता. ढीवर डोंगा घेऊन निघाला. सुभेदारसाहेबांनी सेट उचलला.

"बेट, बेट, कंट्रोल. डोंगा आ रहा है. ओव्हर."

सेट नुसता खरखरला. साहेबांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा खरखर. राजन्ना आमच्याकडे पाहून हात हलवत होता. तेव्हा साहेब घाईत आपल्या झाडीबोलीत ओरडले, "रा! तिथीच रा! रा!"

आमच्याकडे राहा म्हणायला कोणी पूर्ण श्वास घालवत नाही. रा म्हटलं की झालं.

"रॉजर," राजन्ना म्हणाला. रॉजर म्हणजे हुकूम समजला. एवढं साफ ऐकू आलं.

आणि त्यानं मशीन डोक्यावर घेतली आणि खडकावरून पाण्यात उतरला. छातीइतक्या पाण्यात दहाबारा पावलं नीट आला. मग मशीन दिसली, तो दिसला नाही. मग मशीनही गेली. ढीवराला तो संध्याकाळी खालच्या वळणावर सापडला.

साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, थांबण्याचा हुकूम असताना जागा सोडली. ते खोटं आहे असं मलाही वाटलं नाही. रागच आला होता मला त्याचा. रॉजर म्हणून जागा सोडायची?

आठवड्यानं त्याच्या घरी गेलो. त्याची बायको पोसक्का दारात आली. मला पाहून म्हणाली, "रा अन्ना, रा."

मी अंगणातच थांबलो. सुतकाचं घर, बाहेरच राहा म्हणत असेल. तिनं दोनदा तेच म्हटलं. मी उन्हात ताठ उभा. शेवटी तिची पोरगी बाहेर आली.

"काका, उन्हात काऊन उभे? आई कधीची बलावून राह्यली."

"ते तर रा म्हंते."

"मंग? रा म्हंजे ये."

मी तिथेच अंगणात खाली बसलो. पोरीनं पाणी आणलं, ते तसंच ठेवून उठलो.

तिथून तडक साहेबांकडे गेलो.

"साहेब, सेटवर तुमी काय म्हणलं?"

"थांब म्हणलं. तू होता ना बाजूले."

"शब्द कोणता होता?"

"रा म्हणलं."

"तेलुगूत रा म्हंजे ये. खरखरीत त्याले तेवढंच ऐकू गेलं असन."

साहेबांनी आधीच्या रिपोर्टाची नक्कल काढून पाहिली. मग म्हणाले, "म्हंजे मीच बलावलं त्याले."

"त्यानं हुकूम मोडला नाई, साहेब. कागद बदला."

"कागद बदलला तं माह्यावर येते, हवालदार."

"येऊ द्या. तुमी सुभेदार आहा."

मी उठलो नाही. साहेबांनी चष्मा लावला आणि स्वतःच्या हातानं नवा रिपोर्ट लिहिला.

पुढे दोन्ही टॉवरला वेगळे नंबर मिळाले. आता माझ्या टीव्हीत मराठी बातम्या एकदम साफ येतात. पलीकडचं गाणं येत नाही. साहेब नोकरी सोडून आरमोरीला गेले. मी आहे.

नव्या रिपोर्टाची नक्कल घेऊन मी पोसक्काकडे गेलो होतो. एक एक अक्षर जुळवत वाचून दाखवलं: नायक राजन्ना हुकुमावरून निघाले. पोरीनं तेलुगूत सांगितलं. पोसक्का हळू आवाजात काही बोलली.

"काय म्हंते आई?" मी विचारलं.

"म्हंते, हे तं मले माहीतच होतं. बलावल्याशिवाय ते कुठी जातच नव्हते."