घमेलंभर माती

पेठजवळच्या आमच्या शाळेच्या खिडकीतून समोरच्या उतारावर एक म्हातारी रोज दिसते. पावसाने तिच्या शेतातली माती खाली ओढ्याकाठी येऊन साचते. उघडीप मिळाली की ती घमेल्याने तीच माती पुन्हा वर नेते. दर खेपेला वर पोचली की आंब्याच्या एका बुंध्यावर टेकते. टोमॅटोवर सावली पडते म्हणून मुलाने आंब्याची सगळी झाडं तोडली, तेव्हापासूनचं हे.

एकदा न राहवून मी विचारलं, “आजी, एकट्या कुठवर पुरणार?”

“गुरुजी, आधी हे काम झाडंच करायची. मला कवा कळलंच नाय.”

यंदा मुलाने टोमॅटोही लावले नाहीत. वर आता कातळच उरला आहे. ती त्या कातळावर घमेलं ओतते आणि हाताने माती थापत बसते.