देवघर कुठं पाहिजे?

मालकीणबाईनं माझा चहा थुंकला. माझ्यासमोर, गिऱ्हाइकासमोर.

वसमत रोडच्या नव्या लेआउटमधलं घर होतं ते. रिकामं, इकायला काढलेलं. मी परभणीतल्या एका एजंटच्या ऑफिसात घरं दाखवायचं काम करायची. एजंटला सगळे शेठ म्हणायचे, मीबी म्हणायची. पण कामाची माझी स्वतःची एक रीत होती. गिऱ्हाइकाला नुसतं खोल्याखोल्यांतून फिरवायचं न्हाई, त्या रिकाम्या घरात बसवून चहा पाजायचा. छोटा गॅस, पातेलं, कप, सगळं मी पिशवीत घेऊन जायची. उभ्या उभ्या बघणाऱ्या माणसाला फरशी दिसते. खाली बसून चहा प्यायला लागला की मग घर दिसतं. ऊन कुठून यायलंय, शेजारचं कुत्रं किती भुंकायलंय, सैपाकघरात दोन बाया उभ्या राहतील का. कुठं ओल हाय ते मी स्वतःच बोट लावून दाखवायची. लपवून काय करायचं? पावसाळ्यात कळतंच.

त्या दिवशी झरीचे एक गुरुजी आलते, बायकोला घेऊन. घर दोघांना पसंत पडलं होतं. गुरुजींची बायको ओट्यापाशी उभी राहून डबे कुठं अन् मिक्सर कुठं ते ठरवायलती. सौदा झाल्यातच जमा होता. तेवढ्यात त्या घराची मालकीणबाई आली.

"अगं माय, चहाचा काय वास सुटलाय! मला न्हाई का?"

दिला. एक घोट घेतला तिनं. "लय छान चहा करता हो तुमी. आलं घातलं व्हय?" दुसरा घोट घेतला. मग सहज इचारावं तसं इचारलं, "तुमी कोणापैकी?"

आमच्याकडं जात अशी इचारतात. जात हा शब्द तोंडाला लागू द्यायचा न्हाई. कोणापैकी म्हणायचं, म्हणजे इचारणारा सभ्य राहतो.

"आमी बौद्ध," मी म्हणलं. खोटं कशाला बोलू? माझ्या आज्यानं ताडकळसच्या घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले, तवापासून आमच्या घरात ह्या प्रश्नाला एकच उत्तर हाय.

इचारून तिनं तिसरा घोट घेतला होता, तो तोंडातच होता. गाल फुगलेला. गिळला न्हाई तिनं. तशीच तरातरा मागच्या मोरीवर गेली अन् थुंकली. नळ सोडून चूळ भरली, पुन्हा भरली, घसा खाकरून खाकरून भरली. आधी गिळलेले दोन घोट कसे काढावेत तेवढंच तिला सुचायलं न्हवतं. पदरानं तोंड पुसत आली अन् म्हणली, "आधी सांगायचं न्हाई का गं? ओटा धुऊन काढ. अन् तुझी भांडी उचल."

आत्ता तर मी तुमी होते. एका चुळीत तू झाले.

गुरुजींनी आपला कप खिडकीत ठेवला. अर्धा भरलेला. त्यांची बायको फरशीकडं बघायली. जशी काय फरशी आजच बसवलीय. "चला, झरीची गाडी चुकंल," गुरुजी म्हणले. रोज सकाळी लेकरांकडून प्रतिज्ञा म्हणून घेणारा माणूस. एक शब्द बोलला न्हाई. मालकीणबाई वाईट, ते उघड दिसतं. पण ह्या गप्प बसणाऱ्यांची मला जास्त किळस येते. थुंकणारी निदान थुंकली तरी.

मी ओटा धुतला. हो, धुतला. नवऱ्याची पाठ रिक्षा चालवून चालवून गेलेली. दोन लेकरं शिकायलीत. घर माझ्या ह्याच कामावर उभं. ओट्यावर पाणी टाकताना मालकीणबाई दारात उभी राहून सांगायली, "तिकडून बी घे. कोपऱ्यातून बी घे." मी कोपऱ्यातून बी घेतलं. तळपायाची आग मस्तकात गेल्ती अन् हात मात्र मुकाट ओटा घासायलते.

ऑफिसात आले तर शेठला फोन आधीच पोचला होता. मला वाटलं, शेठ भडकतील. माझ्यावर न्हाई, तिच्यावर. दोन वर्षं ह्या माणसाची घरं मी इकली होती.

शेठ हसले. "बस," म्हणले. "तू कामाची हायस. गिऱ्हाईक तुझं नाव काढतंय. पण एक चूक करतीस. कोणी इचारलं की धडाधड सांगून मोकळी व्हतीस." मग ड्रॉवर उघडलं अन् एक लॉकेट माझ्यापुढं ठेवलं. पिवळं, देवाचं, लाल दोऱ्यातलं. "हे गळ्यात घालत जा. मग इचारणारच न्हाई कोणी."

लॉकेट ड्रॉवरमध्ये तयार होतं. म्हणजे माझ्यासाठी त्यानं ते आधीच आणून ठेवलं होतं. ह्याच दिवसाची वाट बघत. थुंकलेला चहा लागला न्हाई तेवढं हे लागलं.

"शेठ, मला न्हाई जमणार," मी म्हणलं.

"पोटापुढं काय जात घेऊन बसलीस?" शेठ म्हणले. बघा! जात इचारली तिनं, ओटा धुतला मी, अन् जात घेऊन बसले तेबी मीच.

मग शेठनं मला धंदा शिकवला. लय मायेनं शिकवला. "चांगला एजंट कोण म्हाईत हाय का? ज्याला घर कळतं तो न्हाई. माणूस कळतो तो. मालकाला नको ते गिऱ्हाईक त्याच्या दारापर्यंत जाऊच द्यायचं न्हाई. मी फोनवर सगळ्यांना देवघराचं कामून इचारतो, सांग बरं?"

मला म्हाईत होतं ते इचारतात. प्रत्येक फोनला. "देवघर कुठं पाहिजे तुमाला? पूर्वेला का ईशान्येला?" मला वाटायचं, वास्तूचं बघतात, गिऱ्हाइकाची सोय बघतात.

"ईशान्येला म्हणला की आपला," शेठ म्हणले. "चाचरला की समजायचं. नको म्हणला की घर गेलं. आडनावावरून हल्ली काई कळत न्हाई. जाधव दोन्हीकडं, गायकवाड दोन्हीकडं. देवघर बरोबर सांगतंय. कोणाचं मन दुखवायचं काम न्हाई."

कोणाचं मन दुखवायचं काम न्हाई! हे वाक्य तो चहा पीत बोलला. मी करून दिलेला न्हाई, हाटेलातून मागवलेला.

रात्रभर मला तेच ऐकू यायलं. सकाळी तरी गेले कामाला. लॉकेट टेबलावर तसंच होतं. त्या घराची चावी माझ्याच पिशवीत होती, कारण गुरुजींनी सकाळीच "राहू द्या" म्हणून कळवलं होतं. दहाच्या सुमाराला फोन वाजला. शेठनं स्पीकर लावला. मला शिकवायचं होतं ना.

पूर्ण्याची बाई होती. रेल्वेत नोकरीला. लेक परभणीला शिकायला येणार, पुढं आपणबी इथंच राहायचं, म्हणून घर घ्यायचंय म्हणली. वसमत रोडच्या त्याच घराचा बोर्ड वाचून फोन केला होता. आवाज शांत. पाण्याचं इचारलं, रस्त्याचं इचारलं. चांगलं गिऱ्हाईक इचारतं तसं.

"अन् देवघर कुठं पाहिजे, ताई?" शेठनं माझ्याकडं बघून डोळा मारला.

"देवघर नको हो," बाई म्हणली. "तिथं पुस्तकांचं कपाट बसलं तर बघा."

"अरेरे," शेठ म्हणले. काय गोड आवाज लावला! "ते घर कालच गेलं हो, ताई. एक दिवस आधी फोन करायचा की."

"असं व्हय," बाई म्हणली. "माझ्या नशिबात घरच न्हाई वाटतं. जिथं जाते तिथं कालच गेलेलं असतं."

तिनं हे हसत म्हणलं. नशीब म्हणली ती. ह्या डोळा मारणाऱ्या माणसाला ती बाई नशीब म्हणायली. कोणाकोणाला हे असं आपलंच कपाळ फुटकं वाटत असंल? कोण कोण रात्री नवऱ्याला सांगत असंल, आपुन उशीर केला म्हणून?

मी उठले. फोनवर वाकले.

"ताई, घर गेलं न्हाई. रिकामंच हाय. चावी माझ्या हातात हाय. तुमाला देत न्हाईत, कारण तुमी आमच्यातल्या हाव. नशिबाचा काई संबंध न्हाई. हे लोक खोटं बोलायलेत."

शेठनं फोन ओढला. कट केला. तोंड लालबुंद. "माजलीस व्हय? कोण देणार तुला घरं दाखवायला? परभणीत फिरून बघ!"

"फिरते," मी म्हणलं. चावी टेबलावर ठेवली, लॉकेटाच्या शेजारी, अन् बाहेर पडले. जिना उतरताना कठडा धरावा लागला. भीती वाटत होती, ते कामून लपवू?

शेठचं खरं झालं बरं का. लय दारं बंद झाली. माझ्याबद्दल फोन गेले होते सगळीकडं. ती बाई डोक्यानं गेलीय, तिच्याकडं घर देऊ नका. पूर्ण्याच्या बाईला मी अजून घर देऊ शकले न्हाई. ऑफिसखालच्या हाटेलवाल्याला इचारून तिनं माझा नंबर काढला, आता येते दर रविवारी. आमी दोघी उन्हात फिरतो, बोर्ड वाचतो, दार वाजवतो.

आता मी गेटावरच इचारते. मालकाला इचारते, गिऱ्हाइकाला न्हाई. "घर कोणालाबी देणार का? बौद्धाला, मुसलमानाला, मांगाला?" काही जण हसतात. काही म्हणतात, "आमचं काई न्हाई हो, पण शेजारी..." त्या 'पण'च्या पुढं मी ऐकतच न्हाई. चावी घेत न्हाई. चूल थंड राहिली तरी घेत न्हाई.

अन् तेवढ्यावर गप्पबी बसत न्हाई. अशा मालकाच्या गल्लीत घर इचारत जो कोणी येईल, त्याला मी सांगते. हे घर रिकामं हाय, पाणी चांगलं हाय, अन् हा मालक जात-धर्म बघून घर देतो. मालकाचं नाव घेऊन सांगते. त्याच्या दारात उभी राहून, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगते. अन् सांगत राहणार.