मिठागरातली टाच
विचुंब्यात आमच्या इमारतीवरची पाण्याची टाकी फायबरने सांधायला घेतली की रेझिनचा गोडसर, उग्र वास जिन्यात उतरतो आणि मला तळोज्याच्या कारखान्यामागचं आवार आठवतं. बॉम्बने फुटलेली धावपट्टी काही तासांत वापरात आणायची, तर खड्डा खडीने भरून वर रेझिन पाजलेली फायबरची जाड चटई अंथरतात. तसाच खड्डा खणून, भरून ती चटई आम्ही तिथे तपासत होतो. विमानाच्या चाकांऐवजी तिच्यावरून भरलेला डंपर न्यायचा. दोनदा ती कडेला फाटली, दुसऱ्या दिवशी अधिकारी बघायला येणार होते, आणि मी रेझिन बनवणाऱ्यांवर तोंड सोडलं होतं. डंपरचा ड्रायव्हर उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला, पन्नाशीचा. तो खाली उतरून म्हणाला, "सायेब, चटई चांगली हाय. खालची भरणी बसली नाय." चटई बाजूला करायला लावून, चपला काढून तो खड्ड्याच्या कडेकडेने टाच दाबत चालला, त्यांच्याकडे मिठागराचा तळ असाच पायाने पारखतात. चार ठिकाणी टाच रुतली. आमचा रोलर कडेपर्यंत पोचलाच नव्हता. आम्ही धुमसाने कड ठोकून घेतली, नवी चटई अंथरली, आणि डंपर कितीदा गेला तरी ती हलली नाही. अहवालात उपकरणांचा रकाना होता. तिथे टाच लिहायचं माझं धाडस झालं नाही. पण आजही चाचणीआधी मी बूट काढून कडेने फिरतो. नवे इंजिनिअर हसतात, आणि टाच रुतली की हसायचे थांबतात.